गल्ल्यावरचा समीक्षक

पिक्चर बरा. शेवट रडका. पहिल्या दिवशी पाऊस, दुसऱ्या दिवशी शाळेत बास्केटबॉलची मॅच. भाडं फार.

चित्रपटाचं परीक्षण साधारण एवढ्यात उरकणारी समीक्षकांची एक जमात शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत नांदत होती. दिग्दर्शकाचं नाव तिच्या लिखाणात क्वचितच सापडतं. छायाचित्रणावर बोलायचं झालंच, तर प्रिंट नवी होती की पडद्यावर रेघांचा पाऊस पडत होता, इतकंच. कलेविषयी मौन आणि हवामानाविषयी मात्र वेधशाळेला लाजवील असा तपशील! हे समीक्षक म्हणजे आयोवा, नेब्रास्का, कॅन्सस, आयडाहो अशा प्रांतांतल्या हजार-दीड हजार वस्तीच्या गावांतले थिएटरमालक. न्यूयॉर्कचा समीक्षक फुकट पासावर पिक्चर बघायचा आणि त्यावर दोन कॉलम लिहायचा. हा गडी तोच पिक्चर स्वतःच्या पैशानं आणायचा, गावाला दाखवायचा आणि रात्री गल्ला मोजून झाला की चार ओळी खरडायचा.

खरडायला जागा दिली ती शिकागोच्या ‘एक्झिबिटर्स हेरल्ड’ या साप्ताहिकानं. मार्टिन क्विग्ली यांचं हे पत्र थिएटरवाल्यांसाठीच निघत असे. १९१६ साली त्यात ‘या पिक्चरनं माझं काय भलं केलं’ अशा अर्थाचं नाव असलेलं एक सदर सुरू झालं. लिहिणारे मालक, वाचणारेही मालक. अंकातच एक कोरा तक्ता छापलेला असे: चित्रपटाचं नाव, नट, कंपनी, शेरा. तो भरायचा, फाडायचा, टपालात टाकायचा. छापताना हे शेरे कंपनीवार लावले जात आणि प्रत्येकाखाली मालकाचं नाव, थिएटर, गाव, शिवाय प्रेक्षक कुठल्या वाणाचा तेही असे: छोट्या गावचा, शहरातल्या वस्तीचा, की सर्वसाधारण. हेतू रोखठोक होता. आयोवातल्या मालकाचे हात पोळले, तर कॅन्ससमधल्या मालकाला बुकिंग करण्याआधी ते कळावं. ‘मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड’ या जुन्या प्रतिस्पर्ध्यानंही मग तसलंच सदर चालवलं.

आता खुद्द मालकाकडे वळू.

तो मालक आहे, पण त्याला मालक म्हणून हाक मारायला नोकर नाही. तिकिटाच्या खिडकीत बायको. पियानोवर मुलगी. खुर्च्यांखालची शेंगदाण्याची टरफलं झाडायची आणि चौकात पोस्टर चिकटवायचं, ही खाती धाकट्या चिरंजिवांकडे. प्रोजेक्टर तो स्वतःच चालवतो, कारण ऑपरेटर ठेवला तर तो पगार मागतो. दिवसा त्याचं फर्निचरचं नाहीतर लोखंडी सामानाचं दुकान असतं; गावात लग्न ठरलं की पलंग त्याच्याकडचा आणि कोणी वारलं की बऱ्याचदा शवपेटीही त्याच्याकडचीच. थिएटर आठवड्यातून तीन-चार रात्री उघडतं. मोठ्यांना पंचवीस सेंट, पोरांना दहा. १९१७ साली सरकारनं तिकिटांवर युद्धकर बसवला. युद्ध वर्षभरात संपलं. कर मात्र याच्या खिडकीत १९२४ पर्यंत ठाण मांडून बसला.

पिक्चर तो बघतो भिंतीतल्या भोकातून. एक डोळा पडद्यावर, दुसरा यंत्राच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्यांवर. रीळ दहा-पंधरा मिनिटांत संपतं, म्हणून नायिका कड्याला लोंबकळत असते तेव्हा तो नेमका पुढचं रीळ चढवत असतो. कथानकाचे सांधे त्याच्या डोक्यात कायम थोडे निखळलेले. पण पब्लिक त्याला अखंड ऐकू येतं. मूकपट मुका होता, पब्लिक नव्हतं! पडद्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचणारी पोरं, इंग्रजी न येणाऱ्या आजीला कानाशी लागून सगळं समजावणारी नात, पुढच्या रांगेत बूट आपटणारे मजूर. खुर्च्या करकरू लागल्या की प्रेमप्रसंग लांबला. खोकल्याची साथ आली की पाचवं रीळ मेलं. आणि पिक्चर फारच रेंगाळला, तर उपाय हाताशीच होता: यंत्राचा वेग वाढवायचा. बाहेर दुसऱ्या खेळाची मंडळी थंडीत कुडकुडत असली, की नायक-नायिकेची ताटातूट दुडक्या चालीनं उरकत असे.

खेळ सुटला की तो दारात येऊन उभा राहतो. कोणाला काही विचारत नाही. ‘छान होता हो’ म्हणणाऱ्यावर त्याचा विश्वास नसतो. तो बहुधा पासावर आलेला असतो. थांबून डुकरांच्या भावाची चौकशी करणाऱ्याला पिक्चर आवडलेला नाही. एक अक्षर न बोलता जो घरी जातो आणि दुसऱ्या रात्री बायको-पोरांसकट पुन्हा खिडकीशी दिसतो, तो खरा अभिप्राय. तक्त्यात उतरतो तो हाच.

आता पावसाचं. हे शेरे एका बैठकीत वाचणाऱ्याला पहिलं हसू फुटतं ते हवामानापाशी. पण मालकाला हसू येण्याचं कारण नव्हतं. गावाबाहेरचे रस्ते कच्चे आणि शनिवारचं उत्पन्न सगळं शेतकऱ्यांवर. फोर्डची गाडी चिखलात रुतली, की पडद्यावर दिग्दर्शक ग्रिफिथ असो नाहीतर डीमिल, हिशेब तोच. पाऊस पडला तर रस्ते वाईट, नाही पडला तर पीक वाईट, आणि हवा अगदी सुरेख असली तर तरुण मंडळी नाचायला जाणार. कापणीच्या दिवसांत कोणी फिरकत नाही. उन्हाळ्यात शटॉकवा येतो: गावोगाव फिरणारा तंबू, त्यात व्याख्यानं, बँड, उपदेश, सगळं सभ्य आणि सहकुटुंब. १९२४ च्या सुमारास हा प्रकार अगदी भरात होता, आणि त्या आठवड्यात मालक रिकाम्या खुर्च्यांना चार्ली चॅप्लिन दाखवत असे. शटॉकवा हलला की धर्मजागराचा फिरता प्रवचनकार हजर. त्यात १९२० नंतर मक्याचे भाव कोसळले. ज्याच्या धान्याला गिऱ्हाईक नाही तो पंचवीस सेंट कुठून आणणार? आणि हे कमी होतं म्हणून रेडिओ आला. घरात, शेगडीजवळ, फुकट.

या सगळ्याची नोंद शेऱ्यात होते, कारण मालकाच्या लेखी पिक्चर एकटा पडत नाही आणि एकटा चालतही नाही. शहरातल्या समीक्षकाला ही अक्कल कधी आली नाही.

पाद्री हा स्वतंत्र विषय. गावात चर्चं तीन-चार आणि थिएटर एक, त्यामुळे बहुमत कुणाकडे ते सांगायला नको. पुष्कळ ठिकाणी रविवारी खेळ करायला बंदीच होती. मालक मग पाद्र्याला सहकुटुंब पास धाडायचा. १९२३ चा ‘द टेन कमांडमेंट्स’ यासाठी देवानंच पाठवल्यासारखा होता: मोझेस, समुद्र दुभंगणं, सगळं शास्त्रोक्त. पास घेऊन आलेल्या पाद्र्यानं दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये चांगला शब्द टाकला, तर तेवढी जाहिरात पैसे मोजून झाली नसती. उलट, पडद्यावर बाई सिगारेट ओढताना दिसली की मालकाला घाम फुटायचा. गावात तो दुसऱ्या दिवशीही राहणार असतो, नटी नसते.

नटांनी तर त्याचा अंतच पाहिला. सप्टेंबर १९२१ मध्ये जाडगेल्या फॅटी आर्बकलला एका तरुणीच्या मृत्यूच्या प्रकरणात अटक झाली आणि ज्या मालकानं त्याचे विनोदी पट भाडं ठरवून ठेवले होते, त्याच्या डब्यातलं हसू रातोरात नासलं. पुढं तिसऱ्या खटल्यात ज्यूरीनं आर्बकलला निर्दोष ठरवलं, माफीही मागितली, पण त्याचे पट तरीही बंदच. १९२२ च्या फेब्रुवारीत दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलरचा खून. १९२३ च्या जानेवारीत वॉलेस रीड, पोरीबाळींचा लाडका, अफूजन्य औषधाच्या व्यसनात गेला. मालकाला या मंडळींच्या पापपुण्याशी देणंघेणं नव्हतं. भिंतीवर चिकटवलेलं पोस्टर सकाळी खरवडावं लागतं, एवढी त्याची तक्रार.

म्हणूनच त्याची खरी श्रद्धा चार पायांवर. काउबॉय नट टॉम मिक्सचा घोडा टोनी. आणि त्याहून मोठा रिन टिन टिन: महायुद्धात फ्रान्समध्ये एका अमेरिकन शिपायाला सापडलेलं जर्मन शेफर्डचं पिल्लू, १९२३ च्या ‘व्हेअर द नॉर्थ बिगिन्स’पासून वॉर्नर कंपनीचा तारा. धंद्यात त्याला ‘गहाण सोडवणारा’ म्हणत, कारण तो लागला की थिएटरवरचं कर्ज फिटायचं. कुत्र्याचा पिक्चर पोरं बघतात, पोरांना घेऊन बाप येतो, पाद्र्याला हरकत नाही. कुत्रा दारू पीत नाही. कुत्र्याच्या घटस्फोटाची बातमी येत नाही. पाट्याही कमी लागतात.

काउबॉयपटांबद्दल मालकाचा सूर घरच्या भाकरीबद्दल असावा तसा आहे: कौतुक नाही, पण त्यावाचून भागत नाही. टॉम मिक्स, हूट गिब्सन, बक जोन्स यांच्यावरचे शेरे एका ओळीत संपतात. शनिवारी लावला, गर्दी झाली, भाडं रास्त. याहून मोठी स्तुती त्या सदरात शोधूनही सापडायची नाही.

त्याचं खरं वैर होतं पावडर लावलेल्या टोपाशी. पिसांच्या टोप्या, तलवारी, तंग विजारी, राजवाडे: असल्या पोशाखी पटांचं नुसतं नाव काढलं तरी तो हिशेबाची वही मिटून घ्यायचा. व्हॅलेंटिनोचंच बघा ना. १९२१ च्या ‘द शेख’ला बायकांनी थिएटर भरलं, नवरे कुरकुरत आले, पण तिकीट काढून आले. तोच व्हॅलेंटिनो १९२४ च्या ‘मस्यू बोकेअर’मध्ये पंधराव्या लुईच्या दरबारात गालावर तीळ लावून अवतरला आणि गावच्या पुरुषांनी तोंड फिरवलं. मेरी पिकफर्डनं ‘रोझिटा’ आणि ‘डोरोथी व्हर्नन ऑफ हॅडन हॉल’ असे दोन पोशाखी पट केले. तिच्या चाहत्यांना आपली कुरळ्या केसांची उनाड पोर हवी होती. १९२५ मध्ये ‘फोटोप्ले’ मासिकातून तिनं वाचकांनाच विचारलं, मी कुठल्या भूमिका करू? उत्तरं लहान मुलींच्या भूमिकांची आली. तेहेतीस वर्षांची पिकफर्ड निमूटपणे ‘लिटल ॲनी रूनी’त पुन्हा बारा वर्षांची झाली. मालक हेच दोन वर्षं लिहीत होते. पण त्यांचा सल्ला फुकटचा, म्हणून कंपन्यांना तो महाग वाटे.

इथं आपल्याकडचा एक दाखला दिल्यावाचून राहवत नाही. हिंदुस्थानातल्या सिनेमाची चौकशी करायला सरकारनं १९२७ मध्ये टी. रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गावोगावचे साक्षीदार तिच्यापुढं आले, पब्लिकला काय आवडतं ते सांगून गेले. समितीनं अहवालात इथं सर्वांत गाजलेला पिक्चर कोणता म्हणून नोंदवला? डग्लस फेअरबँक्सचा ‘द थीफ ऑफ बगदाद’. उडता गालिचा, मिनार, रेशमी विजारी; नेब्रास्कातल्या मालकाला ज्यानं कापरं भरलं असतं तो सगळा सरंजाम. बरोबरच आहे. मुंबई-पुण्याचं पब्लिक मुकुट आणि शेल्यांवर पोसलेलं. त्याला डोक्यावर काही नसलेला नायक चालायचा नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये साध्या शेतकऱ्याची गोष्ट घेऊन ‘सावकारी पाश’ काढला, जाणकार आजही त्याचं नाव आदरानं घेतात. त्या वेळच्या पब्लिकचा ओढा मात्र पौराणिक आणि ऐतिहासिक पटांकडे होता. कोल्हापूरच्या मालकांना शिकागोचा कोरा तक्ता मिळाला असता, तर आज आपल्याला वाचायला काय बहार आली असती!

पुन्हा नेब्रास्कात जाऊ, कारण तिकडे फिल्म कंपनीचा सेल्समन रेल्वेतून उतरला आहे. हातात बॅग, तोंडात सिगार. त्याच्याकडे पिकफर्ड आहे, पण सुटी मिळणार नाही. पिकफर्ड हवी तर सोबत कंपनीचे बाकीचे पट घ्यायचे, त्यातले निम्मे अजून तयारही झालेले नाहीत. या पद्धतीला ब्लॉक बुकिंग म्हणत आणि ॲडॉल्फ झुकर यांच्या कंपनीनं ती एका कलेच्या उंचीला नेली. तिला वैतागून मोठ्या मालकांनी १९१७ मध्ये ‘फर्स्ट नॅशनल’ ही आपलीच संस्था उभारली. १९२१ मध्ये सरकारच्या व्यापार आयोगानं झुकर यांच्याविरुद्ध तक्रार दाखल केली. गावच्या मालकाला यातलं काही उपयोगी पडलं नाही. त्याच्याकडे एकच हत्यार: सेल्समन बोलत असताना ‘हेरल्ड’चा अंक काढून, बोट ठेवून, शेजारच्या प्रांतातल्या कोणी या पिक्चरला शिव्या दिल्या आहेत ते मोठ्यानं वाचून दाखवायचं. भाडं थोडं उतरायचं. सेल्समन जाताना सिगार देऊन जायचा, आणि मालकाला रात्री झोपताना वाटायचं की आपण जिंकलो. डबे येईपर्यंत वाटायचं.

त्यात ‘स्पेशल’ हा शब्द म्हणजे त्याच्या अंगावर काटा. स्पेशल म्हणजे भाडं दुप्पट, रीळं जास्त. हॅरॉल्ड लॉइडचे पट यात कुप्रसिद्ध. थिएटर ओसंडून वाहायचं, लोक हसून हसून डोळे पुसत बाहेर पडायचे आणि पैसे लॉइडकडे जायचे. मालकाच्या वाट्याला टरफलं झाडणं यायचं. तरी एखादा स्पेशल सगळं भरून काढी. ‘द कव्हर्ड वॅगन’ १९२३ चा, पश्चिमेकडे निघालेल्या छपराच्या गाड्यांच्या तांड्याची गोष्ट. नेब्रास्कातल्या प्लॅट नदीच्या मुलखात असल्याच गाड्यांतून लहानपणी आलेली म्हातारी माणसं तेव्हा हयात होती. ज्यांनी जन्मात सिनेमा पाहिला नव्हता त्यांना मुलं-नातवंडं हाताला धरून घेऊन आली. अशा रात्री मालक रस्त्यांबद्दल चकार शब्द लिहीत नाही. चिखल असला तरी.

सगळ्यात वाचनीय तो होतो पिक्चर त्याला स्वतःला आवडतो तेव्हा. १९२३ मध्ये चॅप्लिननं ‘अ वुमन ऑफ पॅरिस’ काढला. दिग्दर्शन त्याचं, पण तो त्यात नाही. हमालाच्या वेशात क्षणभर दिसतो तेवढाच. शहरातल्या समीक्षकांनी डोक्यावर घेतला. मी यात नाही, असं चॅप्लिननं सुरुवातीलाच पाटी टाकून सांगितलं होतं. पण पब्लिक पाटीवर विश्वास ठेवायला आलेलं नव्हतं; काठी आणि ढगळ विजार कुठल्या तरी रिळात येईल म्हणून शेवटपर्यंत वाट बघत बसलं. दुसऱ्या वर्षाचा दिग्दर्शक श्ट्रोहाइमचा ‘ग्रीड’ तसाच: बेचाळीस रिळांचा कापून कापून दहावर आणलेला, तरीही काळजात रुतणारा, आणि गल्ल्यावर पार आडवा.

असल्या पटांवर त्या सदरातले मालक एक विलक्षण गोष्ट करत. आधी कबूल करत, की मला स्वतःला हा फार आवडला. मग एक टिंब. मग बाकीच्यांना बजावत, की चुकूनही लावू नका. त्या दोन वाक्यांमध्ये जे टिंब असतं, त्यात तो माणूस अख्खा उभा असतो: भोकाला डोळा लावून बसलेला, एकटाच हेलावलेला, आणि खाली खुर्च्या करकरताना ऐकणारा. त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी हे टिंब नीट पाहिलेलं नाही. त्याला कला कळत होती. पण ती परवडते का, हे त्याला दुसऱ्या दिवशी बँकेच्या खिडकीशी उभं राहून सांगावं लागे, आणि समीक्षेच्या पुस्तकांत त्या खिडकीचा उल्लेख नसतो.

काही जणांना लिहिण्याची चटकच लागली. नेब्रास्कातल्या नीली गावचे जे. सी. जेन्किन्स असेच शेरे लिहिता लिहिता एवढे रंगले, की पुढं ‘हेरल्ड’साठी मोटारीतून गावोगाव हिंडून मालकांच्या गाठीभेटींवर स्वतंत्र सदर चालवू लागले. पुष्कळांना कळून चुकलं होतं, की पिक्चरपेक्षा आपलाच शेरा जास्त वाचला जातो. एकमेकांना कधी न भेटलेली ही माणसं नावानिशी एकमेकांची खोडी काढत, चुकीची शिफारस केल्याबद्दल जाब विचारत, आणि कोणाचं थिएटर बंद पडलं तर हळहळत. शेजारी दुकानदार होता त्यांना. समदुःखी फक्त अंकात भेटे.

१९२७ च्या ऑक्टोबरात ‘द जॅझ सिंगर’ आला आणि पडदा बोलू लागला. ध्वनीची यंत्रं हजारो डॉलरची, तीही याच्या थिएटरच्या किमतीला टक्कर देणारी. ज्यांना जमलं त्यांनी कर्ज काढून बसवली. ज्यांना नाही जमलं त्यांनी पलंग आणि शवपेट्या विकणं चालू ठेवलं. मुलीचा पियानो घरी गेला. सुरुवातीला आवाज तबकड्यांवर असे; त्यांवरची सुई मधेच उडायची, मग नायिकेच्या तोंडून खलनायकाचा आवाज. त्यावर पब्लिक एवढं हसायचं, की विनोदी पटाला इतकं हसू पिकल्याचं मालकाला आठवत नव्हतं.

‘हेरल्ड’ दोन प्रतिस्पर्ध्यांना पोटात घेऊन १९३१ मध्ये ‘मोशन पिक्चर हेरल्ड’ झालं आणि सदर त्यातही चालू राहिलं. रस्ते हळूहळू डांबरी झाले, त्यामुळे चिखलाचं कलम कमी झालं. त्याच्या जागी नवी तक्रार आली: इंग्लंडहून आलेला पिक्चर, नट मोठा, भाडं जास्त, आणि साहेबाचं इंग्रजी गावात कोणालाच कळलं नाही.